वाफेतली धावपट्टी

माझी बायको विमान चालवते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघत, मग आमच्या लॉन्ड्रीकडे, आणि मग विषय बदलत. त्यांचा तरी काय दोष! चादरींच्या ढिगामागून, वाफेनं लाल झालेल्या तोंडाचा माणूस असं काही सांगायला लागला, तर मीसुद्धा हवापाण्याच्या गप्पा काढल्या असत्या.

पण ते खरं होतं. तिचं विमान लहानसं होतं, दोन पंख्यांचं, आणि त्याच्या पोटात खाली तोंड केलेला एक कॅमेरा होता. जमिनीचे नकाशे करणाऱ्या एका कंपनीसाठी ती रेषा उडायची. ‘रेषा उडायची’ हा तिचाच शब्द. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाकासमोर जायचं, वळायचं, आणि पहिल्या रेषेला खेटून दुसरी रेषा धरत परत यायचं. मैदानात गवत कापणारा माणूस जातो-येतो, तसं. मागच्या सीटवर कॅमेरा सांभाळणारा एक सोबती असायचा, पण तो यंत्र चालू करून द्यायचा आणि डुलक्या काढायचा. त्यामुळे आभाळात ती तशी एकटीच. घरी आली की जेवता जेवता सांगायची, आज एका नदीनं कूस बदललेली दिसली. आज एका तळ्यात सगळं आभाळ उतरून बसलं होतं आणि मला क्षणभर कळेना वर कुठे नि खाली कुठे. मी ऐकत राहायचो. तिच्या बोलण्यानंतर आमची खोली जराशी तरंगायला लागायची, निदान मला तसं वाटायचं.

मग तिच्या कंपनीनं विमानं विकून टाकली. नकाशाचं काम आता उपग्रह करू लागले होते. त्या दुपारी ती लॉन्ड्रीत आली, कौंटरमागे उभी राहिली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला त्याचे पडदे शोधून दिले.  पुढे बराच काळ ती कौंटरमागेच उभी होती. हात कामात असायचे, नजर मात्र कपड्यांच्या वर, जिथे काहीच नाही अशा ठिकाणी टेकलेली असायची. मोठ्या विमान कंपन्यांना तिनं अर्ज पाठवलेत हे मला ठाऊक होतं. कोणी दाद देत नव्हतं.

एका सकाळी आम्ही दोघं हॉटेलच्या चादरी रोलरमधून काढत होतो. तिचा फोन वाजला. ती ‘हो’, ‘चालेल’, ‘नक्की’ एवढंच बोलली, फोन खिशात टाकला आणि चादरीचं आपलं टोक पुन्हा उचललं. दुसरं टोक माझ्या हातात होतं.

“मुलाखतीला बोलावलंय,” ती म्हणाली. “आणि सिम्युलेटरला.”

“म्हणजे ते खोटं विमान?”

“विमान खोटं. घाम खरा.”

आम्ही चादरीची घडी घातली. ती जवळ आली तेव्हा बघितलं, तिनं आपलं टोक उलटं धरलं होतं. घाबरून की आनंदानं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

माझे वडील आमच्याकडेच राहतात. त्यांची सगळी नोकरी एका नाट्यगृहात गेली, प्रॉम्प्टर म्हणून. विंगेतल्या स्टुलावर बसायचं, नाटकाची प्रत गुडघ्यावर ठेवायची, आणि नट अडला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानात सोडायचा. टाळ्या काही त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत, पण आवाज असा कमावला होता की ज्याला ऐकू जायला हवा त्यालाच जायचा. आई होती तेव्हा जेवताना ते तिच्याकडे मीठ मागायचे, आणि शेजारी बसून मला ते कळायचं नाही.

सिम्युलेटरची बातमी ऐकून बाबांनी चष्मा पुसला. “तालीम लागणार म्हणजे,” ते म्हणाले. “मी आहे.”

तालीम लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत सुरू झाली. जेवणानंतर गिऱ्हाईक नसतं. मी शटर अर्धं खाली ओढायचो, मशीनं बंद करायचो, फक्त प्रेसमधून थोडी थोडी वाफ सुटत राहायची. मोठ्या विमानाच्या कॉकपिटचं चित्र आम्ही छापून आणलं होतं, ते मोठ्या ड्रायरच्या पाठीला चिकटवलं. समोर दोन खुर्च्या. मधे कपड्यांची टोपली पालथी घातलेली, आणि तिच्यावर दोन कपड्यांचे ब्रश उभे: हे इंजिनांचे दांडे, डावा आणि उजवा. डावी खुर्ची बायकोची. उजव्या खुर्चीत बाबा, हातात चेकलिस्ट.

तिनं आम्हाला समजावलं होतं की मोठ्या विमानात दोघं असतात. एक जण उडवतो. दुसरा बघतो, वाचतो, बोलतो. वाचणाऱ्यानं विचारायचं, उडवणाऱ्यानं नजर टाकायची आणि मगच उत्तर द्यायचं; म्हणजे चाकं नीट उतरली की तीन हिरवे दिवे लागतात, ते बघायचे आणि मग ‘तीन हिरवे’ म्हणायचं. ऐकायला सोपं होतं. पहिले काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी ठिणगी पडली.

“चाकं,” बाबांनी वाचलं.

“खाली. तीन हिरवे. पंखांचे फ्लॅप पूर्ण, बाहेरचे दिवे चालू, झालं.”

बाबांनी चष्मा काढला. “अगं, पुढचं मी विचारलंय कुठे अजून?”

“मला माहीत होतं तुम्ही काय विचारणार ते.”

“मग मी इथे बसलोय कशाला? शोभेला?”

ते उठले, शटरखालून वाकून बाहेर गेले आणि पायरीवर हाताची घडी घालून बसले. बायकोनं मान वळवली नाही. एकटीनंच सगळं उड्डाण पुरं केलं, दोघांची वाक्यं स्वतःच म्हणत. मला ते बघवेना. रिकाम्या खुर्चीकडे न बघता ती इतक्या सराईतपणे बोलत होती की वाटलं, हिनं इतकी वर्षं असंच केलं असणार. स्वतःच विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं, आणि मागे कोणीतरी घोरतंय.

दुसऱ्या दिवशी बाबा मागच्या खोलीकडे फिरकले नाहीत. “को-पायलट संपावर आहे,” त्यांनी मला जाहीर केलं आणि पेपर उघडला. तोही उलटा.

संध्याकाळी बायको दोन कप चहा घेऊन त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसली. मी आत शर्टांना नंबर लावत होतो, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं.

“बाबा, रुसलात?”

“मी कशाला रुसतोय! या वयात कोण रुसतं?”

“मग पेपर उलटा का होता?”

बाबा हसू दाबत खोकले. चहा अर्धा झाला. मग तिनं विचारलं, “नाटकात तुम्हाला कसं कळायचं, कधी बोलायचं ते?”

“नटाच्या श्वासावरून. वाक्य विसरणारा माणूस आधी श्वास विसरतो.” कप खाली ठेवून ते म्हणाले, “आमच्याकडे एक बडा नट होता. पाठांतर चोख. मी कधी शब्द दिला तर डोळे वटारायचा. मग माझं लक्षच उडायला लागलं बघ त्याच्यावरनं. मुद्दाम नाही हं. प्रत समोर असायची, आणि मन कुठल्या कुठे. एकदा तो खरंच अडला तेव्हा माझं पानही उघडं नव्हतं. भर प्रयोगात आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्याचा तो चेहरा अजून आठवतो.”

तिनं रिकामे कप उचलले. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी “चाकं” म्हटलं की ती खरोखर कागदावरच्या त्या खटक्याकडे बघायची, श्वास घ्यायची, आणि मग म्हणायची, “खाली. तीन हिरवे.” आणि थांबायची. थांबणं तिला जड जायचं, ते तिच्या मानेवरून दिसायचं.

मलाही काम मिळालं. ती म्हणायची, “ढग दे.” मी प्रेसची कळ दाबायचो, आणि खोलीभर पांढरी वाफ पसरायची. कागदाचे खटके, ब्रश, दोरीवर टांगलेले डॉक्टरांचे कोट, सगळं हळूहळू विरून जायचं. फक्त दोन आवाज उरायचे, एक प्रश्न आणि एक उत्तर, जणू पलीकडच्या कुठल्यातरी खोलीतून येणारे. आयुष्यात मी नवरा झालो, धोबी झालो, हवामान मात्र कधी झालो नव्हतो. त्या दुपारी माझ्या मनात मात्र असं यायचं की वाफ निवळेल तेव्हा खाली ही फरशी नसेल. दूरवर दिवे असतील, ओल्या रस्त्यावरचे, आणि आम्ही तिघं लॉन्ड्रीसकट त्यांच्याकडे उतरत असू.

मुलाखतीच्या तालमीत मात्र आमची पंचाईत झाली. गिऱ्हाईक न्यायला विसरलेला एक काळा कोट अंगात घालून मी साहेब झालो. “एखाद्या सहकाऱ्याशी तुमचा मतभेद झाला, तेव्हा तुम्ही काय केलंत?”

ती विचारात पडली. “माझा सहकारी झोपलेला असायचा.”

“मग कोणाशीच भांडण नाही?”

“वाऱ्याशी.”

“असं सांगितलंस तर नोकरीऐवजी डॉक्टरकडे पाठवतील,” बाबा म्हणाले.

मुलाखतीच्या दिवशी मी लॉन्ड्री बाबांवर सोपवली आणि तिच्याबरोबर गेलो. विमानतळाच्या कडेला एक सपाट छपराची लांबलचक इमारत होती. आत गुळगुळीत फरशी, भिंतीला लागून एकसारख्या खुर्च्या, आणि सगळ्या खुर्च्यांवर इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं. त्यांच्या कॉलर मी सवयीनं तपासल्या. निम्म्या तरी घाईत केलेल्या होत्या. तिच्या कॉलरकडे बघून मला जरा धीर आला.

मुलाखत घ्यायला दोघं होते, एक पिकल्या केसांचा कॅप्टन आणि भरती खात्यातल्या एक बाई. आत काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. विमानाचे प्रश्न सुटले. आणि मग बाईंनी तोच प्रश्न विचारला, सहकाऱ्याशी मतभेदाचा.  काहीतरी गुळगुळीत रचून सांगावं असं तिच्या मनात आलं, पण तोंडातून निघालं ते खरंच निघालं.

“माझे सासरे माझ्याबरोबर चेकलिस्टची तालीम करत होते. मी त्यांना बोलूच देत नव्हते. ते उठून गेले.”

कॅप्टननं पेन खाली ठेवलं. “त्यांचा उड्डाणाचा अनुभव?”

“अजिबात नाही. ते कधी विमानातसुद्धा बसलेले नाहीत.”

“मग तुमचं चुकलं कुठे? उत्तरं तर बरोबर होती ना तुमची?”

“होती. पण त्यांनी ऐकणं सोडलं असतं. माझं उत्तर चुकलं असतं त्या दिवशी मग कोणीच जागं नसतं.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. कॅप्टन हसले की नाही ते तिला कळलं नाही, कारण ते खिडकीकडे बघत होते.

दुपारी सिम्युलेटर. तो मला लांबून काचेतून बघता आला. एका उंच दालनात पांढरी, खिडक्या नसलेली पेटी, लोखंडी पायांवर उभी. आत माणसं गेली, छोटा पूल मागे सरकला, आणि ती पेटी झोपेत कूस बदलणाऱ्या जनावरासारखी हळूच हलायला लागली. मागे कलायची, पुढे झुकायची, मधेच एक हिसका. आवाज जवळजवळ नाहीच. त्या पेटीच्या आत आभाळ आहे आणि त्या आभाळात माझी बायको आहे, हे मी स्वतःला सांगत होतो. आणि खरं सांगतो, ते मला मुळीच विचित्र वाटलं नाही. विचित्र वाटत होता तो माझ्या हातातला कागदी कप.

तिच्या जोडीला दुसरा उमेदवार दिला होता, पंचेचाळिशीचा एक गृहस्थ. त्याची विमान कंपनी बुडाली होती आणि तेव्हापासून तो शाळेची बस चालवत होता. हे त्यानं बाहेरच, हात पुढे करता करता सांगितलं होतं. “मुलं मला बसवालेकाका म्हणतात. तुम्हीही म्हणा, आता सवय झालीय.” पेटीत शिरण्यापूर्वी बायको त्याला म्हणाली, “मी चुकताना दिसले तर गप्प बसू नका हं. मला राग येणार नाही.” तो म्हणाला, “मलाही सांगा. मला राग येईल, पण सांगा.”

आधी ती उडवत होती. आत संध्याकाळ लावलेली होती. खाली अंधारी जमीन, तिच्यावर विखुरलेले दिवे. कॅप्टन मागच्या खुर्चीवर बसून विमानतळावरच्या टॉवरचा आवाज काढत होते. सगळं छान चाललं होतं, आणि म्हणूनच ती हरवली. सरळ रेषेची वर्षानुवर्षांची सवय तिला आत ओढत गेली. दिशेचा काटा तिनं असा धरून ठेवला की जगात दुसरं काही उरलंच नाही. विमान अलगद, कळत नकळत खाली घसरत होतं.

“उंची,” बसवाले म्हणाले. अगदी हळू.

तिनं श्वास घेतला. “उंची. दुरुस्त करते.” आणि मग, “थँक्यू.”

पुढे उतरायची वेळ आली तेव्हा धुकं लावलं होतं. ती काट्यांवर नजर ठेवून उतरत गेली. शेवटी धुकं फाटलं आणि धावपट्टी दिसली, पण जिथे असायला हवी तिथे नव्हती, बाजूला होती. ओढून-ताणून तिथे नेता आलं असतं. परीक्षा होती, उतरून दाखवायचा मोह होता. ती म्हणाली, “नाही. वर जाऊ या.” बसवाल्यांनी चाकं वर घेतली, दिवे पुन्हा खाली गेले, धुक्यात बुडाले. मागून कॅप्टनच्या पेनाची खरखर ऐकू आली. इथेच आपलं संपलं, असं तिला वाटलं. दुसऱ्या खेपेला ती नीट उतरली, पण तेव्हा तिच्या मनानं घरची वाट धरली होती.

मग भूमिका बदलल्या. बसवाले उडवायला, ती वाचायला. जमीन सोडताच एक इंजिन बंद पाडलं गेलं. पेटीला बसलेला तो हिसका मी काचेतूनही पाहिला. विमान एका अंगाला ओढ घ्यायला लागलं, घंटा वाजायला लागली, आणि बंद इंजिनाचा दांडा मागे ओढायला बसवाल्यांचा हात झटकन दांड्यांकडे गेला. डाव्या दांड्याकडे.

“थांबा,” ती म्हणाली. ओरडून नाही. तिचा आवाज तेव्हा कसा होता ते मला माहीत आहे. मी तो वाफेत ऐकलाय. “घाई नाही. कुठलं इंजिन गेलंय?”

“डा…” बसवाले काट्यांकडे बघत थबकले. “नाही. उजवं.”

“मलाही उजवंच दिसतंय.”

“उजवं,” ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा हात सरकला, चांगल्या इंजिनावरून उठून बंद पडलेल्यावर गेला. मग दोघं मिळून ते लंगडं विमान आभाळातून फिरवून घेऊन आले आणि उतरले. त्या वेळी दोघांपैकी कोण उडवत होतं नि कोण वाचत होतं, हे तिला नंतर नीट आठवेना, असं ती म्हणाली.

पूल पुढे सरकला. ती बाहेर आली तेव्हा केस कपाळाला चिकटलेले होते. बसवाल्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले आणि म्हणाले, “राग आला नाही मला. नवलच आहे.” बाहेर दालनाच्या दारातून ऊन आत येत होतं. ते बघून ती दचकली. आत संध्याकाळ होती ना! परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून तिनं मला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “पहिल्या खेपेला उतरलेच नाही. गेलं ते.”

“बसवाल्यांचं काय?”

“त्यांचं व्हायला हवं. घरी शाळेत जाणारी दोन मुलं आहेत त्यांना.”

मग वाट बघणं. तो काळ मला एकाच लांबलेल्या दुपारसारखा आठवतो. चादरी आल्या, गेल्या. बाबा मधूनच मागच्या खोलीत जाऊन उजव्या खुर्चीत बसायचे आणि आपल्याशीच काही पुटपुटायचे. चित्र काढून टाकायचं कोणाच्या मनात आलं नाही.

फोन आला तेव्हा ती हॉस्पिटलचे कोट टांगत होती. भरतीच्या बाई होत्या. दोघांचीही निवड झाली होती. कॅप्टननी तिच्यासाठी निरोप ठेवला होता: त्या दिवशी आलेल्या उमेदवारांपैकी धावपट्टी सोडून वर जाणारी ती एकटीच होती, आणि ते बघायलाच त्यांनी धुकं लावलं होतं. बायकोनं फोन ठेवला आणि मला काही सांगण्याऐवजी कोटांच्या रांगेत शिरली. पांढऱ्या कोटांमधे ती कुठे दिसेना. फक्त हँगर हलत होते. मी वाट बघितली. थोड्या वेळानं ती पलीकडून बाहेर आली, डोळे पुसत आणि हसत.

पुढे कित्येक महिन्यांचं प्रशिक्षण झालं, तेही दुसऱ्या गावी. ते संपल्यावर एकदाची ती खऱ्या विमानात, खऱ्या माणसांना घेऊन उडाली. परत आली तेव्हा सकाळ होती आणि बाबा नि मी स्वयंपाकघरात बसलो होतो. तिनं बूट काढले, टोपी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसली.

“कसं झालं?” बाबांनी विचारलं.

“ढगांच्या वर गेलो,” ती म्हणाली. आवाज झोपेनं जड झालेला होता. “ऊन मागून येत होतं. खाली ढगावर आमची सावली पडली, आणि सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य. सगळं धनुष्य आमच्याबरोबर पळत होतं. मी ते पूर्वी कितीतरी वेळा पाहिलंय. पण सोबतीला कोणी जागं नसायचं. या वेळी मी म्हटलं, ते बघा. आणि कॅप्टन खरंच पुढे वाकले आणि बघायला लागले…”

“मग? काय म्हणाले ते?” बाबांनी विचारलं.

ती झोपली होती. मी तिच्या अंगावर चादर घातली, आणि बाबांनी ओठांवर बोट ठेवलं, मी काहीच बोललो नव्हतो तरी.